तीनपैकी दोन

दाराने मला ओळखलं नाही. रोज सकाळी मी त्या काळ्या चौकोनासमोर फोन धरते, हिरवा दिवा लागतो, काचेचं दार सरकतं आणि मी आत जाते. हात सगळं आपोआप करतो, डोकं भलतीकडेच असतं. आज लाल दिवा लागला. मी फोन बाहीला पुसला आणि पुन्हा धरला. पुन्हा लाल. चौकोनाखालच्या पट्टीवर अक्षरं सरकत गेली: अनोळखी व्यक्ती. मला आधी हसूच आलं. असली दारं कशी चालतात ते लोकांना शिकवणं हेच माझं काम, म्हणजे गुरूची विद्या गुरूलाच. काचेतून माझं टेबल दिसत होतं, टेबलावरचा माझा कप, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला माझा स्वेटर. स्वेटरची एक बाही उलटी होती. आईला हॉस्पिटलात नेल्याचा फोन आला तेव्हा मी तो अर्धवट घालून पुन्हा काढून फेकला होता, तो तसाच पडून होता. पलीकडच्या खोलीत सकाळचा वर्ग सुरू झालेला, लोकांच्या पाठी दिसत होत्या. मी फक्त अर्ध्या तासासाठी आले होते, पुढच्या आठवड्याचे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात घालून लगेच आईकडे जायचं होतं. काचेवर टकटक केली तर कुणीतरी उघडलं असतं. पण मी टकटक केली नाही. जिन्याच्या पायरीवर बसले आणि फोनमध्ये माझी ओळख उघडली. तिथे माझा फोटो असतो, खाली नाव, खाली मला ज्या ज्या गोष्टींवर सही करायचा अधिकार आहे त्यांची रांग. आज तिथे पांढऱ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. ही ओळख आता या फोनवर नाही. तीनपैकी दोन राखणदारांच्या संमतीने ती नव्या फोनवर हलवण्यात आली आहे.

कोणत्या दोन, ते लिहिलेलं नव्हतं. तसं ते कधीच लिहिलेलं नसतं. राखणदारांवर कुणी दडपण आणू नये म्हणून कुणी हो म्हटलं ते मालकालाही दाखवायचं नाही, अशी पद्धत आहे, आणि ती किती शहाणपणाची आहे हे मी कितीतरी वर्गांना पटवून दिलेलं आहे. माझं भाषण मला झोपेतही म्हणता येईल. तुमची ओळख सरकारच्या कपाटात नाही, कुठल्या कंपनीच्या कपाटात नाही, आणि आमच्याकडे तर नाहीच नाही, तेव्हा हरवली तर आमच्या दारात रडत येऊ नका. इथे लोक हसतात. ती हजारो यंत्रांत विखुरलेली आहे, तिला मुख्य कचेरी नाही, साहेब नाही, शिपाई नाही. तिची किल्ली एकच, तुमच्या फोनात. मग मागच्या रांगेतून कुणीतरी निवृत्त गृहस्थ विचारतात, "आणि फोन पाण्यात पडला तर?" मी याच प्रश्नाची वाट बघत असते. म्हणून तीन माणसं निवडायची. त्यांच्यापैकी दोघांनी सांगितलं की हो, ही तीच, की ओळख नव्या फोनवर येते. आल्या आल्या नव्हे, बारा तास थांबून. तेवढ्यात कुणी लबाडी करतंय असं दिसलं तर जुन्या फोनवरून तुम्ही नुसतं 'नाही' दाबायचं. आणि शेवटी बोट वर करून सांगायचा नियम: तिघं एकमेकांशी बोलणारे नकोत. एकाच घरातले तर मुळीच नकोत. एकदा एक बाई उठून म्हणाल्या होत्या, "मग विश्वासाची माणसं आणायची तरी कुठून हो?" सगळा वर्ग त्यांच्या बाजूने हसला होता. मी काय उत्तर दिलं होतं ते आठवेना.

माझे तीन राखणदार म्हणजे माझा नवरा, माझी धाकटी बहीण आणि ऑफिसातला शंकासुर. शंकासुराचं कामच पद्धतीतल्या फटी शोधायचं आहे, त्यामुळे चहात साखर घातली का हेही तो दोनदा विचारतो. नवरा आणि बहीण, दोघं घरचेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण मी काही गाफील नव्हते, माझा हिशेब होता. ती दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी धाकटी नोकरी बदलताना आमच्याकडे राहायला आली होती. एका रविवारी तिने उत्साहाने आमची मागची खोली आवरली आणि एक खोकं कचऱ्यात टाकलं. त्यात नवऱ्याने जमवलेले जुन्या रेडिओंचे काचेचे दिवे होते, बाजारात आता न मिळणारे. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "बाहेरच्यांनी घर आवरलं की असंच व्हायचं." त्या एका 'बाहेरच्यांनी'वर धाकटीने संध्याकाळी बॅग भरली. त्यानंतर "तुझ्या नवऱ्याला सांग" आणि "तुझ्या बहिणीला म्हणावं" असं चालायचं, आणि मधे मी. आई तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानाला पट्टा लावून दिवसभर इकडची तार तिकडे खुपसायची. ती म्हणायची, "माझी नोकरी तू घेतलीस, पेन्शन मात्र मागू नकोस." मी कुरकुरायचे, पण खरं सांगायचं तर मला त्या अबोल्याचा आधार वाटायचा. माझ्यावर जीव टाकणारी दोन माणसं, आणि दोघं मिळून माझ्याविरुद्ध काही करणं अशक्य. जगातल्या कुठल्या यंत्राने एवढं पक्कं कुलूप दिलं असतं?

पायरी गार होती. वर्गातून हसण्याचा आवाज आला, म्हणजे फोन पाण्यात पडला असावा. मी डोक्यात जोड्या लावत बसले. नवरा आणि शंकासुर. धाकटी आणि शंकासुर. कशीही लावा, दोनात एक घरचं निघतच होतं. यंत्राची चूक असेल, मी स्वतःला सांगितलं. यंत्राची चूक कधीच नसते हे मी लोकांना सांगते, ते त्या घटकेला सोयीस्करपणे विसरले. तिसरी जोडी मी लावतच नव्हते. जीभ दुखऱ्या दाताकडे जाते आणि लगेच मागे येते तसं चाललं होतं. परवाचा हॉस्पिटलातला लांब बोळ समोर येत होता. बोळाच्या टोकाला चहाचं यंत्र आहे. नवऱ्याने त्यात नाणं टाकलं, यंत्राने ते गिळलं आणि काही दिलं नाही. मागे धाकटी उभी होती. ती क्षणभर थांबली, मग पुढे होऊन तिने यंत्राला तळहाताने असा सणसणीत रट्टा दिला की कप धपकन पडला आणि चहा सुरू झाला. दोघं हसली. नवरा काहीतरी म्हणाला, तिने उत्तर दिलं. मी आईच्या तपासण्यांची फाईल छातीशी धरून लांबूनच बघत राहिले आणि मला रडू आलं, आनंदाने. पळत जाऊन मी आईला सांगितलं, "आई, ती दोघं बोलली!" आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो तिने दोन बोटांनी उचलला आणि म्हणाली, "बरं झालं. जाता जाता एवढी एक लाईन जोडून दिली मी." आम्ही दोघी हसलो होतो. काय हसलो होतो!

आणि मग कालची दुपार. डॉक्टर नुकतेच बोलून गेले होते. नवऱ्याने मला हाताला धरून घरी आणलं, भात कालवून पुढ्यात ठेवला आणि हात पुढे केला. "फोन दे इकडे. चार्जिंगला लावतो. दिवसभर लोकांना उत्तरं देतेयस. झोप जरा." मी फोन दिला. त्या वेळी मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी त्याच्या मनगटावर गाल टेकला. मग झोपले ती थेट उजाडेपर्यंत. सकाळी त्याने फोन हातात दिला तेव्हा त्याने बघितलं खिडकीकडे. म्हणाला, "फुल्ल झालाय." धाकटीचा निरोप आलेला होता: आईला झोप लागलीय, सावकाश ये. मी सावकाश आले. मी फोनच्या कोपऱ्यात बघितलं. अजून जवळजवळ शंभर टक्के होता.

दार आतून सरकलं. शंकासुर बाहेर आला, मला बघून थबकला. "इथे काय बसलीयस? आत का नाही आलीस?"

"दार घेत नाही मला."

त्याने फोन माझ्या हातातून घेतला, वाचला आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. त्या दोन ओळी त्याने पुन्हा वाचल्या. मग म्हणाला, "म्हणजे ती तू नव्हतीस."

"कोण ती?"

"काल दुपारी माझ्याकडे विनंती आली, तुझी ओळख हलवायची म्हणून. मी तुला फोन केला. तुझ्या नवऱ्याने उचलला. म्हणाला, तिचा हा फोन सारखा बंद पडतोय, नवा घेतेय. मी म्हटलं, तिला दे, तिच्या तोंडून ऐकतो. तर म्हणाला, झोपलीय, इतक्या दिवसांनी डोळा लागलाय, नको उठवू."

"मग?"

"मग नाही दिली संमती. त्याच्या बोलण्यात खोट वाटली असं नाही गं. चांगला काळजीने बोलत होता. पण तू बोलली नाहीस ना, म्हणून नाही दिली."

"मला कळवलं का नाहीस?"

"कशावर कळवणार होतो? फोन त्याच्याच हातात होता."

मी मान हलवली. तिसरी जोडी आता आपोआप लागली होती. मला वाटलं होतं की असं काही कळलं की माणूस किंचाळतो. मला फक्त तो कालवलेला भात आठवला. त्यात त्याने मीठ बरोबर घातलं होतं. शंकासुराने आपला फोन काढला, काहीतरी केलं आणि म्हणाला, "परत आणायची विनंती टाकलीय. माझी संमती दिली." माझ्या पडद्यावर नवी ओळ उमटली. एक संमती मिळाली. आणखी एक हवी. आम्ही दोघांनी ती वाचली आणि दोघांनीही वर बघितलं नाही. तिघांपैकी माझ्याकडे एक उरला होता. दुसरी संमती द्यायची तर ती चोरांपैकीच एकाने. मी मीच आहे हे सिद्ध करायला मला त्यांच्याच दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं. इतक्या वर्गांत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता. "पण ओळख न्यायची कशाला त्यांना?" शंकासुर म्हणाला. "तुझ्या ओळखीवर एवढं आहे तरी काय?" तो खरोखरच विचारत होता. मी उठले. आतापर्यंत मी दाताला जीभ लावली नव्हती, ती आता लागली.

आई माझ्या ओळखीवर होती. हॉस्पिटल मागच्याच रस्त्याला आहे, मी पळत नव्हते पण लोक बाजूला होत होते. आईची फुप्फुसं आता परत सुधारणारी नव्हती, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. काल ते म्हणाले, घशाला छेद देऊन नळी घालावी लागेल, यंत्र श्वास देईल, काही महिने मिळतील, बोलता मात्र येणार नाही. आईने हे मागेच ओळखलं होतं. पहिल्यांदा हॉस्पिटलात आली तेव्हाच तिने आपल्या वतीने हो-नाही म्हणायचा अधिकार माझ्या ओळखीला जोडून दिला होता. अंगठा उमटवताना मला म्हणाली, "घशात नळी नको हं. आयुष्यभर बोलायचा पगार खाल्लाय मी. मुकी होऊन नाही जाणार." मी विचारलं होतं, मीच का, धाकटी का नको? तर म्हणाली, "ती रडेल आणि हो म्हणेल. तू रडशील आणि नाही म्हणशील." आईने मला इतकं पूर्ण कधी ओळखलं नव्हतं. लहानपणी आम्ही शाळेतून आलो की दार वाजवायचो. आतून ती विचारायची, "कोण?" आम्ही ओरडायचो, "मी!" ती म्हणायची, "मी तर घरात आहे. तू कोण?" पाऊल ओळखत असूनही विचारायची, आणि नाव सांगितल्याशिवाय कडी काढायची नाही. धाकटीला ते कधी आवडलं नाही, ती पाय आपटायची. मला आवडायचं. रोज एकदा आपण कोण ते खणखणीत सांगायचं आणि मग घर उघडायचं.

काल बोळात मी दोघांना स्पष्ट सांगितलं होतं की वेळ आली तर मी नाही म्हणणार, कारण आईनेच तसं सांगितलंय. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली होती. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मला मनात वाटलं होतं, किती बरं झालं या दोघांचं.

खोलीबाहेरच्या नर्सने मला बघून हसून मान डोलावली. "झालं बरं का ताई, पहाटेच. आईंची शुद्ध हरपली होती, पण नळी बसली, नीट झालं सगळं. तुमची संमती वेळेवर आली म्हणून. नाहीतर फार धावपळ झाली असती."

"माझी नव्हती ती."

"अहो, तुमचीच. हे बघा ना." तिने भिंतीवरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझा फोटो होता, त्यात मी जरा हसते आहे. खाली माझं नाव, त्याखाली हिरवी खूण. संमती आहे. पूर्वी डॉक्टर माणसाला समोर बसवून, तोंड बघून विचारायचे. आता खूण हिरवी झाली की कुणाला तोंड बघायची गरज उरत नाही. मी सांगू लागले की हे माझ्या बहिणीने केलंय, आणि नर्सच्या चेहऱ्यावर ती काळजी आली जी दमलेल्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेली असते. "पाणी देऊ का?" ती म्हणाली. ही नोंद काढून टाकता येईल का, असं मी विचारणार होते. पण उत्तर मला माहीत होतं, तेही माझ्याच भाषणात आहे. एकदा लिहिलं गेलं ते हजार ठिकाणी लिहिलं जातं, कुणाच्या बापाला खोडता येत नाही. हे वाक्य मी फार अभिमानाने म्हणत आले.

नवरा बाकावर बसला होता. त्याच्याशेजारी धाकटी, डोळे सुजलेले, मांडीवर नवा फोन. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "ताई, ती गेली असती गं. काल रात्री तिचा श्वास ऐकला असतास तर तूसुद्धा..." मी तिच्याकडे बघितलंच नाही. आईने तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, तिने काही वेगळं केलं नव्हतं. मी नवऱ्यासमोर उभी राहिले.

"तू फोन मागितलास," मी म्हटलं. "मी तुझ्या हातात दिला."

"तू नाही म्हणाली असतीस आणि मग जन्मभर स्वतःला खात बसली असतीस," तो म्हणाला. "मी बघितलंय तुला. एक झाड वाळलं तरी महिनाभर तेच घेऊन बसतेस. हे तुला झेपलं नसतं."

"मला झेपेल म्हणून तर आईने मला निवडलं होतं."

तो खिशातून फोन काढून म्हणाला, "ओळख तुझी तुला परत देतो ना. विनंती आलीय मला, आत्ता दाबतो. आम्हाला काय करायचीय ठेवून?" शेजाऱ्याची शिडी काम झाल्यावर परत करावी तसं त्याने ते म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, थकवा होता आणि थोडी माया. सगळ्यात जास्त राग मला त्या मायेचा आला. माझ्या हातातला फोन थरथरला. दुसरी संमती मिळाली. बारा तासांनी मी पुन्हा मी होणार होते, फोटो, नाव आणि खालची ती पहाटेची हिरवी खूण, सगळ्यासकट. इतकी वर्षं या माणसाकडे मी निर्धास्तपणे पाठ करून झोपत आले होते.

दुपारी आई जागी झाली तेव्हा आम्हा दोघी बहिणींना आत सोडलं. मी उघड्याच दारावर सवयीने टकटक केली. आतून कुणी काही विचारलं नाही, यंत्र तेवढं श्वास भरत होतं आणि सोडत होतं. आई उशांना टेकून होती. गळ्यात पांढरा पट्टा, त्यातून निघालेली नळी. तिचे डोळे पूर्ण जागे होते. मी तिचा हात हातात घेतला. तिने दुसरा हात सावकाश उचलला, बोटाने गळ्यातली नळी दाखवली, मग तेच बोट आमच्याकडे फिरवलं, आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे, आणि ओठ हलवले. आवाज नव्हता, पण तो शब्द मी जन्मभर दारापलीकडून ऐकत आले होते. कोण? हे कुणी केलं, एवढंच तिला हवं होतं. मी वळून धाकटीकडे बघितलं. ती बोलेल म्हणून मी थांबले. यंत्राने श्वास भरला, सोडला, पुन्हा भरला. धाकटी आईच्या पायावरची चादर सारखी करत होती, एकच घडी परत परत. खरं तोंडाशी आलेलं होतं. पण मग मी काय करणार होते, मरणाऱ्या बाईकडे तिच्या एका मुलीने दुसरीची चुगली? बाहेरच्या पडद्यावर तर माझंच नाव होतं, आणि ज्यांनी ते लावलं त्यांना ते किती जड आहे हे कळावं अशी एक दुष्ट इच्छाही माझ्यात होती. यात मोठेपणा काही नव्हता.

"मी," मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. पाऊल ओळखूनही ती नाव विचारायची, तशी बघत राहिली. मग तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला, बोट बोट करून, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. माझ्या पाठीमागे धाकटीने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. यंत्राच्या आवाजातही तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि तो सुटकेचा होता.